बशीतले सुटे पैसे

मराठीतला ‘टीप’ हा शब्द मोठा कामाचा आहे. शिंप्याने घातली तर ती कापडाचे दोन तुकडे जोडते. ग्रंथकाराने दिली तर पानाच्या तळाशी बसून वरच्या मजकुराला आधार देते. खबऱ्याने दिली तर पोलिसांना थेट चोराच्या दारात नेऊन उभे करते. या साऱ्या टिपा आपापल्या जागी सुखाने नांदत होत्या. मग इंग्रजीतून आणखी एक टीप आली, हॉटेलातल्या बडीशेपेच्या बशीत जाऊन बसली, आणि तिने भल्याभल्या माणसांची झोप उडवली. शिंप्याची टीप सरळ असावी आणि ग्रंथकाराची खरी असावी, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण हॉटेलातली टीप किती असावी, कोणाला द्यावी आणि मुळात द्यावीच का, हा प्रश्न निघाला, की एका टेबलाभोवती बसलेल्या चार माणसांची पाच मते पडतात.

बशी टेबलावर आली, की माणसाचा स्वभाव उघडा पडतो. काही गृहस्थ वेटरला हाक मारून, चारचौघांच्या देखत त्याच्या हातात नोट ठेवतात. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्यांचे हे वंशज. त्यांची नजर वेटरकडे नसते, शेजारच्या टेबलाकडे असते. काही जण गणिती असतात. ते बिलाच्या दहा टक्के काढतात आणि मग कर धरून काढायचे की कर वगळून, या विचारात पडतात. काही इतके संकोची, की बशीखाली नोट सरकवून असे घाईघाईने बाहेर पडतात, जणू काही दिले नाही, उचललेच आहे! काही तत्त्ववेत्ते असतात. “पैशाचा प्रश्न नाही हो, पण त्यांची सवय बिघडते,” असे म्हणून ते स्वतःची सवय न बिघडवता उठतात. मित्रमंडळींचा घोळका असला, तर प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने ठेवले. आणि मग वेटरच्या वाट्याला उरते ती नुसती बडीशेप.

नवरा-बायको हॉटेलात गेली, की या प्रकरणाला निराळीच गंमत येते. नवरा वीस रुपये ठेवतो. बायको काही बोलत नाही. नुसती पर्स उघडते, आत दहाची नोट आहे का ते पाहते आणि पर्स मिटते. त्या उघडण्या-मिटण्याच्या आवाजाचा अर्थ नवऱ्याला बरोबर कळतो. पूर्वी हा प्रश्न पावलीवर सुटत असे. १९५७ साली दशमान पद्धत आली, तरी चार आण्यांची पावली पंचवीस पैसे होऊन टिकून राहिली. अखेर ३० जून २०११ पासून ती चलनातूनच गेली, आणि संकोचाने देण्याजोगे सर्वांत लहान नाणे आपल्या हातून निसटले.

मी राहतो नसरापुरात. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की कात्रजचा घाट आणि खेड-शिवापूर मागे टाकल्यावर चेलाडीचा फाटा लागतो. तेथे उजवीकडे वळले की आमचे गाव. गावापलीकडे झाडीत बसलेला बनेश्वर, जवळून वाहणारी शिवगंगा, आणि पुढे वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याकडे जाणारा रस्ता. म्हणजे आमच्या गावाला दोन तोंडे आहेत. एक डोंगराकडे आणि एक हमरस्त्याकडे. टिपेच्या शास्त्राचा अभ्यास करायला याहून सोयीची जागा मला तरी ठाऊक नाही. कारण फाट्यावरच्या हॉटेलांत टीप चालते, आणि गावातल्या पेठेत ती चालत नाही. मधले अंतर पायी चालण्याजोगे. पण तेवढ्यात शिष्टाचार पार बदलतो.

पेठेतल्या हॉटेलात मी वर्षानुवर्षे सकाळचा चहा घेत आलो आहे. बाके लाकडी, टेबलावर पाण्याचा जग, आणि काचेच्या कपाटात कालची शेव. चहा आणून देणाऱ्याला पूर्वी सर्रास ‘पोऱ्या’ म्हणत, आणि पुष्कळदा तो खरोखरच पोर असे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवण्याची बंदी झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. आता चहा देतो तो मिसरूड फुटलेला असतो. पण तो असतो कोणाचा तरी ओळखीचा. त्याचा बाप बाजारात भेटतो, त्याची आत्या आमच्या आळीत दिली आहे, त्याच्या चुलत्याचे आणि मालकाचे बांधावरून वाकडे आहे. अशा माणसाला बशीत दोन रुपये ठेवून जायचे म्हणजे काय? उद्या त्याच्या बहिणीच्या लग्नाला जेवायला जायचे आणि निघताना पत्रावळीखाली दहा रुपये ठेवायचे, त्यातलाच प्रकार!

टीप ही परक्याने परक्याला द्यायची वस्तू आहे. ओळख असली, की देणे थांबत नाही. त्याचे रूप बदलते. आजारी पडला तर कोणी दवाखान्यात नेतो, दहावीला बसला तर कोणी जुनी पुस्तके देतो. फाट्यावर थांबणारा प्रवासी मात्र यातले काही करू शकत नाही. त्याला अर्ध्या तासात मिसळ खाऊन कोल्हापूर गाठायचे असते. त्या अर्ध्या तासात कोणी त्याच्याशी आपुलकीने वागले, पोराला आणखी एक पाव आणून दिला, म्हातारीला हाताला धरून पायरी उतरवली, तर त्याची फेड करायला त्याच्यापाशी बशीत ठेवलेल्या नोटेशिवाय दुसरे काय आहे?

पेठेतल्या हॉटेलात चार वर्षे काम करणारा एक तरुण पुढे फाट्यावरच्या मोठ्या हॉटेलात गेला. तो वेल्ह्याच्या बाजूचा. त्याचा थोरला भाऊ माझ्या वर्गात होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. पगार पेठेतल्यापेक्षा फारसा जास्त नव्हता. “मग गेलास कशाला?” असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, वरचे सुटतात.” शनिवार-रविवारी गडावर जाणारी पोरे येतात, बनेश्वरची गर्दी असते, मोठ्या गाड्या थांबतात. त्या वरच्या पैशांवर धाकट्या बहिणीचे कॉलेज चालले होते. पगार घरी, आणि बशीतले पैसे बहिणीच्या फीला, अशी त्याने वाटणी केली होती.

एकदा मी भोरहून परतताना फाट्यावर उतरलो आणि त्याच्याच टेबलावर बसलो. निघताना रीत म्हणून बशीत दहा रुपये ठेवले. तो मागून आला आणि नोट माझ्या खिशात घालू लागला. “तुमच्याकडून नको, गुरुजी. तुम्ही काय गिऱ्हाईक आहात?” मी पुष्कळ आग्रह केला, तो ऐकेना. मागच्याच टेबलावरच्या परक्या कुटुंबाने ठेवलेले पन्नास रुपये मात्र त्याने माझ्यासमोर निःसंकोचपणे खिशात टाकले. ओळखीच्या माणसाकडून टीप घेतली, की ओळख संपते आणि गिऱ्हाईक उरते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे माझे मेहुणे अमेरिकेहून आले होते. हिंजवडीत नोकरी करणारा भाचाही होता. चकलीच्या सोबतीला वाद म्हणून हा विषय निघाला, आणि चकली संपली तरी वाद संपला नाही.

मेहुणे म्हणाले, “आमच्याकडे वीस टक्के ठेवले नाहीत, तर तुम्ही माणसातून उठलात. आणि ठेवावेच लागतात हो, कारण त्या वेटरला पगार असा नाहीच.” ते सांगत होते ते खरे आहे. अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन संघराज्याच्या कायद्याने तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. टिपा धरून एकूण रक्कम ७ डॉलर २५ सेंटांपर्यंत पोहोचली नाही, तर उरलेले मालकाने भरायचे. काही राज्यांनी यापेक्षा बरे दर बांधून दिले आहेत. पण मूळ कायदा हा असा. म्हणजे अन्न शिजवणाऱ्याचा पगार मालक देतो, आणि वाढणाऱ्याचा पगार जेवणारा देतो! तिकडच्या रेल्वेच्या पुलमन डब्यांत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना हमाल म्हणून ठेवत, तेव्हाही पगार तुटपुंजा आणि बाकी भिस्त उतारूंच्या मर्जीवर अशीच व्यवस्था होती. त्या हमालांनी १९२५ साली आपली संघटना बांधली, तेव्हा टिपांच्या लाचारीतून सुटून पुरेसा पगार मिळवणे हे तिचे एक उद्दिष्ट होते.

भाचा म्हणाला, “म्हणूनच टीप बंद करा. जपानात कोठे देतात? पगार चांगला द्या आणि पदार्थाची किंमत तेवढी लावा. आमच्याकडे तर हॉटेलवाले बिलातच दहा टक्के सेवा आकार लावून मोकळे होतात.” त्याचे म्हणणे एका अर्थी न्यायालयानेच उचलून धरले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असा आकार परस्पर बिलात लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. देणे हे गिऱ्हाइकाच्या खुशीवर. सक्तीने वसूल करता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. खुशी बिलात छापता येत नाही, हे सांगायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले!

इतका वेळ सौ. करंज्या भरत होती. ती मान वर न करता म्हणाली, “वाद कसला घालता? पगार पगाराच्या जागी आणि खुशी खुशीच्या जागी. पगार बुडवून खुशी दिली तर ती खुशी नव्हे, आणि पगार दिला म्हणून हात आखडला तर तो माणूस नव्हे.”

मेहुण्यांनी आणि भाच्याने तिच्याकडे पाहिले. मला मात्र आमच्या डोंगराकडे पाहावेसे वाटले. राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी. महाराजांचा कटाक्ष असे, की चाकरी करणाऱ्याला शक्यतो मुलूख तोडून न देता ठरलेले रोख वेतन द्यावे. पराक्रम केला, तर त्याशिवाय सोन्याचे कडे. कडे मिळाले म्हणून वेतन चुकले नाही, आणि वेतन मिळते म्हणून कडे देण्याचे टळले नाही. सौ.ने करंजी मुडपता मुडपता जे सांगितले, ते याहून फार निराळे नव्हते.

याच्या उलट जी व्यवस्था आपल्या गावोगाव होती, तिचे गोडवे गाताना मात्र जरा जपून राहावे. बलुतेदाराला सुगीला धान्याचा वाटा मिळे, सणाला वाढणे मिळे. ऐकायला हे कसे प्रेमळ वाटते. पण त्या वाट्यात कोणाला सुपात मिळे आणि कोणाला दूर उभे राहून पदरात झेलावे लागे, हे ज्यांनी झेलले त्यांना विचारावे. महार वतनाच्या या दावणीतून माणसे सुटावीत म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ज्याची भाकर दुसऱ्याच्या मर्जीवर शिजते, त्याला मान ताठ ठेवता येत नाही. मग ती मर्जी पाटलाची असो की प्रवाशाची.

मग देण्याघेण्याची अशी रीत कोणती, की जीत देणाऱ्याचा हात वर असून घेणाऱ्याची मान खाली नसते? मला वाटते, ती आपल्यापाशी आहे, आणि तिचे नाव आहे ‘पोस्त’. दिवाळी आली की पोस्टमन दारात उभा राहत असे आणि हसून म्हणत असे, “पोस्त!” पोस्टातला माणूस म्हणून त्याला पोस्त मिळते, अशी आम्हा पोरांची समजूत. पण मग झाडूवाला येई, तारांचा माणूस येई, रात्री गस्त घालणारा येई. त्यांतला एकही जण ओशाळलेला नसे. वर्षभर मी तुमचे काम केले आहे, आज तुमच्या घरी सण आहे, तेव्हा माझे काढा, असा त्यांचा सरळ हिशेब. टीप दिवसाच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. पोस्ताला तिथी असते. टीप वेटर कधी तोंडाने मागत नाही. पोस्त उघडपणे मागता येते. आणि जे उघडपणे मागता येते, ते हक्काच्या फार जवळ गेलेले असते.

पोस्ताचा हक्क होतो कसा, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिले आहे. पहिल्या महायुद्धाच्या भरभराटीत गिरणीमालक कामगारांना वर्षाकाठी बोनस देऊ लागले. पुढे मंदी आल्यावर १९२३ सालचा बोनस नाकारला, आणि १९२४ च्या आरंभी लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सांगितले, की कामगारांचा बोनसवर कायद्याने वसूल करता येईल असा हक्क नाही. कामगार हात हलवीत परत गेले. पण गोष्ट तेथे संपली नाही. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. हा चमत्कारिक आकडा कोठून आला, असे पुष्कळांना वाटते. वर्षाच्या बारा पगारांना बाराने भागा. येतो तो एक महिन्याचा पगार. म्हणजे दिवाळीचा तेरावा महिना! मुंबईचे डबेवालेही दिवाळीला गिऱ्हाइकांकडून एका महिन्याचे जास्त घेत आले आहेत. गिऱ्हाईक कुरकुरत नाही. वर्षभर डबा न चुकता आलेला असतो.

पण फाट्यावरच्या हॉटेलात माणसे मोजून चौदा. बोनसचा कायदा विसांपासून पुढे लागतो. आणि तेथे आता एक नवीच अडचण उभी राहिली आहे. टेबलावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक पुठ्ठा आला आहे. गिऱ्हाईक फोन काढते, पुठ्ठ्यावर धरते, आणि पैसे वेटरच्या डोक्यावरून थेट मालकाच्या खात्यात जातात. पूर्वी पाचशेची नोट वेटर गल्ल्यावर नेई आणि सुटे पैसे बशीत घालून आणी. त्या बशीतल्या परतीच्या पैशांतच त्याचे सारे नशीब असे. आता परत काही यायचेच नाही, तर मागे काय राहणार? कोणी वाईट नाही, कोणी कंजूष झालेला नाही; नुसती वाट बदलली, आणि वाटेवरचा माणूस कोरडा राहिला. या हॉटेलाने गल्ल्याशेजारी ‘कर्मचारी कल्याण’ असे लिहिलेला एक डबा ठेवला. डब्याला कुलूप आहे. किल्ली मालकापाशी. कल्याण केव्हा व्हायचे, ते डबा उघडेल तेव्हा कळेल. इंग्लंडात अशा डब्यांसाठी कायदाच करावा लागला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे टिपेतला एकही पैसा मालकाला ठेवून घेता येत नाही. सारी रक्कम काम करणाऱ्यांत न्याय्य रीतीने वाटावी लागते.

बहिणीची शेवटच्या वर्षाची फी जवळ आली, तेव्हा तो तरुण मला भेटायला घरी आला. वाटले, पैसे मागेल. त्याने कागद मागितला. “गुरुजी, तुमचे मराठी चांगले. एक अर्ज लिहून द्या.” आम्ही पडवीत बसून तो लिहिला. मागण्या चारच. आठवड्याची एक सुट्टी, डबा दर पंधरा दिवसांनी सर्वांसमक्ष उघडून सारखी वाटणी, त्यात भांडी घासणाऱ्या दोन बायांनाही वाटा, आणि दिवाळीला एक पगार. तिसरी मागणी त्याची स्वतःची. ती मला सुचली नव्हती. वेटरला निदान गिऱ्हाईक दिसते. मोरीवर बसलेल्या बाईला कोण टीप देणार, असे तो म्हणाला. खाली अकरा सह्या झाल्या आणि तीन अंगठे उठले.

अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. मालक वाईट नाही. त्याच्यामागे गॅसचे दर आहेत, कर्जाचे हप्ते आहेत, शेजारी नवे हॉटेल उघडले आहे. तो विचार करतो आहे, एवढे मात्र कळले. तोवर आपण काय करावे? तुम्ही सुट्टीत बनेश्वरला याल, राजगडावर जाल, आणि फाट्यावर मिसळ खायला थांबाल. बिल हवे तर फोनने द्या. पण खिशात दहा-वीसच्या दोन नोटा असू द्या आणि त्या बशीत न टाकता हातात द्या. देताना त्याच्या तोंडाकडे पाहा. डब्यावरची अक्षरे वाचलीत, तर गल्ल्यावर जाऊन सहज विचारा, “हा उघडतो कधी?” चार गिऱ्हाइकांनी विचारले, तर अकरा सह्यांना आणि तीन अंगठ्यांना तेवढाच जोर येईल.

राहता राहिला माझा आणि त्याचा हिशेब. टीप तो माझ्याकडून घेत नाही. पण धनत्रयोदशीला तो कामावर जाताना आमच्या दारावरून गेला, तेव्हा सौ.ने त्याला थांबवले, फराळाची पिशवी दिली आणि वर एक पाकीट ठेवले. मी म्हटले, “हे पोस्त आहे.” त्याने पाकीट उघडून पाहिले नाही. पिशवी मात्र हाताने तोलून पाहिली, आणि म्हणाला, “चकल्या मागच्या वर्षीपेक्षा कमी दिसतात, काकू.” सौ. आत जाऊन आणखी घेऊन आली.